अ गटात गेलो ते वर्ष

संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की स्टेशनाकडच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मला हटकून थांबवतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गोंदियात मी अजून खेळाचा मास्तर म्हणूनच ओळखला जातो. टपरीवरची मंडळी मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले फुटबॉलचे सामने पाहतात आणि मग भांडतात. कोणती लीग वरची, कोणती मधली, मधल्या लीगमधला पहिला संघ उचलून वरच्या लीगमध्ये टाकला तर तो कितवा येईल. "मास्तर, अब आप ही बताओ," म्हणतात. मी चहा संपवतो, गुडघ्यावर हात टेकून उठतो आणि चालू लागतो. म्हाताऱ्याला काही कळत नाही असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. खरं सांगायचं तर या एका विषयात माझ्याइतका पटाईत माणूस एके काळी दोन जिल्ह्यांत नव्हता, आणि त्या पटाईतपणानं मी आता थकून गेलो आहे. कशानं थकलो ते एकदा लिहून मोकळं व्हावं, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव गोंदियाहून दरेकशाकडं जाणाऱ्या लाइनीवरचं. आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले असं घरातले म्हातारे सांगायचे, आणि सांगायचे असे की जणू कालच बैलगाडीतून उतरले आहेत आणि अजून सामान काढायचं बाकी आहे. घरी आम्ही पोवारी बोलायचो, बाहेर झाडीबोली आणि गोंदियात गेलं की हिंदी. इथं घरातलं बोलणं मी सगळ्यांना समजेल असं करून लिहितो आहे. सकाळी जाग यायची ती मायच्या सुपाच्या आवाजानं. ती ओसरीत तांदूळ पाखडायची आणि तोंडानं कोणावर तरी रागावत असायची, बहुतेक कोंबड्यांवर. मग पॅसेंजरची शिट्टी. त्या शिट्टीवर आमच्या घरातली सगळी कामं चालत. शिट्टीच्या आत मी आंघोळ करून बासी भात आणि कांदा खाऊन तयार असलो तर ठीक, नाहीतर कॉलेजला सुट्टी. दुपारी लाखोळीच्या डाळीचं दाट वरण, भात, कधी कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. त्या वड्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. आता सून तशाच वड्या करते, चांगल्या करते, पण मला दोनच्या वर पचत नाहीत.

लाखोळीचं सांगायलाच हवं. आमच्याकडं धान कापायच्या आधी, बांधीत ओल असते तेव्हाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतात. धान निघालं की खाली लाखोळी हिरवीगार उगवून आलेली असते. म्हणजे बांधी रिकामी अशी राहतच नाही. पण माझे बाबूजी दर वर्षी घराजवळच्या एका बांधीत लाखोळी टाकायचे नाहीत. ती बांधी आमच्या फुटबॉलसाठी. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते स्वतः कधी खेळले नव्हते आणि त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. माय मात्र दर वर्षी वरण वाढताना म्हणायचीच, "एका बांधीची डाळ तुह्या बॉलानं खाल्ली." बाबूजी खाली मान घालून जेवत राहायचे.

बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेलं धानाचं शेत. पाणी अडावं म्हणून धुरा गुडघ्याएवढा उंच असतो. त्यात आम्ही खेळायचो, आणि धुऱ्यापलीकडं दुसऱ्याची लाखोळी. चेंडू तिकडं गेला की मालक काठी घेऊन यायचा. म्हणून आमच्याकडं आपोआप एक नियम पडून गेला: चेंडू धुऱ्यावर आपटून परत आला तर खेळ चालू. बाहेर जाणं ही भानगडच नाही. आणि हे फक्त आमच्या गावचं नव्हतं. आमच्या भागातल्या कॉलेजांना मैदानं कुठली? केशोरीच्या बाजूला सामना असला तरी चार बांध्या मोडून एक केलेली, बाहेरचा धुरा तसाच. रेफरी गोंदियाहून आलेला असला तरी तो मुकाट्यानं खेळ चालू ठेवायचा, कारण शिट्टी वाजवून चेंडू बाहेर दिला तर तो बाहेरून फेकायला उभं राहायचं कुठं, लाखोळीत? कागदावर नियम सगळ्या जगाचेच होते. जमिनीवर धुरा होता.

या धुऱ्याच्या खेळात सोमाएवढा तयार मी दुसरा पाहिला नाही. सोमा मडावी, दरेकशाच्या जंगलातल्या एका टोल्यावरचा, म्हणजे चार घरांच्या पाड्यावरचा, गोंड पोरगा. माझ्याच वर्गात. पॅसेंजरनं गोंदियाला यायचा, आणि रविवारी मधेच आमच्या गावाला उतरून खेळायला यायचा. बोलायचा कमी. माय त्याला माझ्याआधी वाढायची, कारण तो ताटात काही टाकत नसे आणि मी टाकत असे. तो लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं पुढं, खेळायचा. समोर कोणी आडवा आला की सोमा चेंडू त्याच्या अंगावर नेण्याऐवजी धुऱ्यावर मारायचा, आपण दुसऱ्या अंगानं निघून जायचा, आणि धुऱ्यावरून परत आलेला चेंडू पुढं जाऊन घ्यायचा. आडवा आलेला माणूस तिथंच गोल फिरत राहायचा. मी सेंटर हाफ आणि कॅप्टन. माझं काम एवढंच होतं की चेंडू सोमाला द्यायचा आणि टाळ्या पडू लागल्या की दोन्ही हात वर करायचे.

आमच्या विद्यापीठानं कॉलेजांचे दोन गट केले होते. नागपुरातली मोठी कॉलेजं अ गटात, आमच्या बाजूची सगळी ब गटात. ब गट आम्ही लागोपाठ दोन वर्षं जिंकला. गावात गाडीवरून मिरवणूक निघाली, सरपंचांनी नारळ दिला, शाळेतल्या पोरांनी माझी सही मागितली. पण विद्यापीठाचा संघ निवडायचा तो फक्त अ गटाच्या सामन्यांवरून. निवड समितीची माणसं आमच्याकडं कधी फिरकली नाहीत. आणि विद्यापीठाच्या संघात नाव लागलं तर रेल्वेच्या भरतीत खेळाडूंच्या जागा असायच्या. सोमाला रेल्वेत जायचं होतं. दुसरं त्यानं आयुष्यात काही मागितलेलं मला आठवत नाही. दरेकशाच्या त्या लहानशा स्टेशनावर हिरवं निशाण हलवणारा माणूस त्यानं लहानपणापासून पाहिला होता, आणि त्या माणसाला घर होतं, पक्कं.

माझं दुखणं निराळं होतं. मला कोणी ब गट म्हटलेलं सहन व्हायचं नाही. मी एक वही केली होती. त्यात निकाल लिहायचे. नागपूरच्या एका कॉलेजनं दुसऱ्याला दोन गोलांनी हरवलं. त्या दुसऱ्यानं भंडाऱ्याच्या एका कॉलेजशी मैत्रीचा सामना बरोबरीत सोडवला. त्या भंडाऱ्याच्या कॉलेजला आम्ही तीन गोल मारले. म्हणजे सरळ हिशेबानं आम्ही अ गटाच्या पहिल्या संघापेक्षा एका गोलानं पुढं. असं मी रात्रंदिवस सिद्ध करायचो. पॅसेंजरमध्ये, कॉलेजच्या व्हरांड्यात, जेवताना. अ गटाचा शेवटचा आणि ब गटाचा पहिला यांच्यात वरचा कोण, यावर मी एकदा आमगावपासून गोंदियापर्यंत एका तिकीट तपासनीसाशी वाद घातला होता. सोमा खिडकीतून बाहेर बघत बसायचा. माझं नाव टेकचंद, तो टेका म्हणायचा. एकदाच म्हणाला, "टेका, तुही वही खेळून राहिली, आपन नाही."

तिसऱ्या वर्षी, म्हणजे आमच्या शेवटच्या वर्षी, संधी आली. त्या वर्षीपासून, आदल्या वर्षी ब गट जिंकणाऱ्यानं अर्ज केला तर त्याला अ गटात खेळता येणार होतं. नियम असा की नव्यानं वर आलेल्या कॉलेजचे तीन सामने व्हायचे. तिन्ही हरलं तर परत खाली. एक जरी जिंकला किंवा बरोबरीत सोडवला, तर कॉलेज पुढच्या वर्षीही अ गटात. आमच्या खेळाच्या सरांना अर्ज करायचाच नव्हता. चांगला माणूस, पण दमलेला. आज मी त्यांच्या वयाच्या पुढं गेलो आहे आणि त्यांचं म्हणणं मला आता कळतं. "कायले जातेस गा टेकचंद?" ते म्हणाले. "इथं राजे आहो आपन. तिथं जाऊन मार खायचा?" बाकीच्या पोरांचंही तेच. पुन्हा मिरवणूक, पुन्हा नारळ, काय वाईट होतं? मी वही काढली आणि तासभर बोललो. शेवटी सगळे कंटाळून हो म्हणाले. अर्जावर सर सही करत असताना सोमा टेबलाला अगदी टेकून उभा होता आणि सरांच्या पेनाकडं बघत होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबूजींनी विचारलं, "अ गट म्हणजे का गा? तिकडचा बॉल मोठा राहते का?"

"बॉल तोच राहते, बाबूजी."

"मंग मानसं मोठी?"

"मानसंबी आपल्यासारखीच."

"मंग गट कायचा?" ते म्हणाले आणि बैलांना चारा टाकायला उठले. मी त्यांना वही दाखवणार होतो, पण त्यांना वाचता येत नव्हतं.

मग नागपूरचं मैदान पाहिलं. इतकं सपाट, इतकं हिरवं मैदान मी तोवर पाहिलं नव्हतं. चारी बाजूंनी चुन्याची पांढरी रेघ. बस. रेघेपलीकडंही तेच गवत. चेंडू रेघेबाहेर गेला की बाहेर, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकातलं पाठ होतं. पण पायांना ते माहीत नव्हतं. पहिल्या सामन्यात पाचव्या-सहाव्या मिनिटाला मी सोमाला चेंडू दिला. त्यांचा फुलबॅक आडवा आला. सोमानं चेंडू रेघेकडं मारला, स्वतः आतल्या अंगानं निघून पुढं गेला, आणि थांबला. चेंडू परत येईल म्हणून थांबला. चेंडू सरळ लोकांच्या खुर्च्यांखाली निघून गेला. असं एकदा झालं असतं तर ठीक. सोमानं चार वेळा केलं, मी दोन वेळा केलं, आमच्या उजवीकडच्यानं तर मोजू नये इतक्या वेळा केलं. लोक पोट धरून हसत होते. एकजण ओरडला, "अरे भाई, वो वापस नहीं आता!" मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. आम्ही चेंडू मारला की तिकडून एका सुरात, "वापस नहीं आता!" आम्ही पाच गोलांनी हरलो.

मला आजही तो आवाज आठवतो आणि कान तापतात. इतकी वर्षं मी पोरांना खेळ शिकवला, त्यात पहिल्या दिवशी काय शिकवायचो तर रेघ. चुना घेऊन स्वतः वाकून रेघ मारायचो आणि पोरांना तिच्यावरून चालायला लावायचो. ती वैतागायची. हेडमास्तर म्हणायचे, किती चुना लावता. मी दुसऱ्या बाजूची रेघ मारायला घ्यायचो.

दुसऱ्या सामन्याआधी दोन दिवस होते. आम्ही एका धर्मशाळेत उतरलो होतो. तिच्या मागच्या अंगणात सोमानं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ ओढली आणि दोन दिवस एकटा तिच्या काठाकाठानं चेंडू घेऊन धावत राहिला. चेंडू रेघेबाहेर गेला की स्वतःच्या मांडीवर चापट मारायचा. मी पायरीवर बसून वहीत नव्यानं गणित मांडत होतो. दुसरा सामना आम्ही हरलो, पण दोनच गोलांनी, आणि सोमाचा चेंडू एकदाही बाहेर गेला नाही. धुऱ्याशिवायही तो माणसाला फसवायला लागला होता. आता धुऱ्याऐवजी तो माझ्या पायावर चेंडू मारायचा आणि पुढं जाऊन परत घ्यायचा. मी त्याचा धुरा झालो होतो, आणि ते मला फार आवडलं होतं हे कबूल करतो.

तिसरा सामना. आता उरलेलं सगळं यावर. हरलो तर परत ब गट, आणि माझी वही सगळ्या जिल्ह्यासमोर खोटी. निवड समितीचे दोघं त्या दिवशी आले होते. पांढऱ्या सदऱ्यातले, लाकडी खुर्च्यांवर, मांडीवर कागद. पहिला हाफ सोमाचा होता. त्यानं त्यांच्या फुलबॅकला तीन वेळा बसवलं. एकदा चेंडू खांबाला लागून गेला. गोल झाला नाही, कोणाचाच नाही. हाफटाइमला मी पाण्याच्या माठापाशी उभा होतो. सोमा लांब नळावर पाय धूत होता. पांढऱ्या सदऱ्यातला एकजण माझ्यापाशी आला.

"कॅप्टन ना तुम्ही?"

"हो."

"तो डावीकडचा पोरगा चांगला आहे. असा लेफ्ट आउट आमच्याकडं नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्याला भरपूर चेंडू द्या, आम्हाला त्याला नीट पाहायचं आहे."

मी मान डोलावली. तो गेला. मी हे कोणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, तर वेळ नव्हता असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ होता. नळ वीस पावलांवर होता.

दुसऱ्या हाफमध्ये ते आमच्यावर तुटून पडले. वीस-पंचवीस मिनिटं राहिली असताना आमचा डावा फुलबॅक लंगडायला लागला. बदली उतरवावा तर राखीव पोरगा कच्चा. मी स्वतः मागं जाऊ शकत होतो. उजवीकडच्याला पाठवता आलं असतं. पण आमच्यात सगळ्यात चपळ सोमा होता, आणि मला त्या घटकेला एकच दिसत होतं: बरोबरी. बरोबरी झाली की अ गट. मी ओरडलो, "सोमा, मागं ये! फुलबॅकवर!"

तो जवळ आला. धापा टाकत होता. "मागं कायले? मले बॉल भेटून राहिला ना गा."

"गोल खाल्ला तर सगळं गेलं. मागं ये."

"टेका, थे दोघं तिथं बसून हायेत."

"मले दिसून राहिले. कॅप्टन कोन हाये?"

असं म्हणालो मी. त्यानं एकदा खुर्च्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मागं गेला. उरलेला सगळा वेळ तो आमच्या गोलापाशी चेंडू लांब मारत राहिला, जसं कोणीही मारेल. शेवटच्या मिनिटांत गोलकीपर पडला आणि चेंडू रिकाम्या गोलात चालला होता. सोमानं आडवं पडून छातीनं तो अडवला. शिट्टी झाली. शून्य-शून्य. मी नाचलो. आनंदानं मी रडलोसुद्धा. नाचता नाचता मी पाहिलं, पांढऱ्या सदऱ्यातले दोघं उठून पुढच्या मैदानावर चालले होते आणि त्यांच्यापैकी एकानं जाता जाता खांदे उडवले.

गोंदियाच्या स्टेशनावर प्राचार्य स्वतः हार घेऊन आले होते. गुलाल उडाला. फलाटावरच्या हमालांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. घरी मायनं वड्या केल्या, शेजाऱ्यांना बोलावलं, आणि सोमालाही ठेवून घेतलं. बाबूजींनी सगळ्यांसमोर त्यालाच विचारलं, "तुहं नाव लागलं का गा?"

"यादी यायची हाये, बाबूजी."

यादी पंधरा दिवसांनी आली. कॉलेजच्या फळ्यावर टाचणीनं लावली होती. सोळा नावं. आम्ही दोघं वाचत उभे राहिलो. सोमानं बोट लावून वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. आमच्या कॉलेजचं एकही नाव नव्हतं. मी म्हणालो, "पक्षपात करतात साले." तो म्हणाला, "नाही गा. त्याहीनं पायलंच नाही माह्याकडं. पाहण्यासारखं असतं त पायलं असतं." मग फळ्यापासून दूर होत म्हणाला, "कॉलेज गेलं अ गटात, बेस झालं. मी ब गटाचाच मानूस आहो." त्याच वेळी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि चहा घेऊ चल असं म्हणालो.

सोमानं शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली नाही. वडील आजारी होते, आणि एकूणच त्याचं मन उडालं. जंगलखात्याच्या कामावर रोजानं जायला लागला, बांबू तोडायला, उन्हाळ्यात वणवा विझवायला. माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, अ गट, कर्णधार. तेवढ्या शब्दांवर मला शाळेत खेळशिक्षकाची नोकरी लागली आणि ती मी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत केली. आमचं कॉलेज पुढच्या वर्षी तिन्ही सामने हरून परत ब गटात आलं. त्यानंतर काही वर्षांनी विद्यापीठानं गटच मोडून टाकले. आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही की असले गट होते आणि त्यांच्यासाठी माणसं अशी वागायची. बाबूजींनी मी नोकरीला लागलो त्या वर्षी त्या बांधीत लाखोळी टाकली. मायला बरं वाटलं.

सोमा आणि मी तुटलो नाही. लग्नकार्याला भेट व्हायची. तो मला कॅप्टनच म्हणायचा, आणि त्याचं ते म्हणणं मी ऐकून घ्यायचो. त्याच्या मुलाला पळायची आवड होती. एकदा मी सुचवलं की त्याला गोंदियाला माझ्याकडं ठेव, मी तयार करतो. सोमा म्हणाला, "नोको गा. आमच्या रक्तात नाही थे. उगाच पोराची आशा कायले वाढवायची?" मी घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर पोट बिघडलं म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात दरेकशाला गेलो. डॉक्टरांनी माझ्या छातीचे फोटो काढले होते आणि फार प्रवास करू नका म्हणाले होते. म्हणून लगेच निघालो. दुपारची वेळ होती. सोमा अंगणात उन्हाला बसून बांबूच्या कामट्या काढत होता. दात गेलेत, केस मात्र माझ्यापेक्षा काळे. त्याची बायको परसात शेंगा तोडत होती. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं. मी पाणी प्यालो आणि काही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. माठ, पांढरा सदरा, नळ वीस पावलांवर. त्या माणसानं विचारलं होतं, मी सांगितलं नाही, आणि मुद्दाम तुला मागं घेतलं. मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होतो. खरं म्हणजे मला शिव्या हव्या होत्या.

सोमाच्या हातातला कोयता थांबला. अर्धी निघालेली कामटी त्यानं बाजूला ठेवली. मग म्हणाला, "काय म्हनला होता थो?"

"सांगितलं ना."

"पुरं सांग. जसं म्हनला तसं."

"तो डावीकडचा पोरगा चांगला आहे, म्हणाला. असा लेफ्ट आउट आमच्याकडं नाही. आम्हाला त्याला नीट पाहायचं आहे."

"माह्याबद्दलच म्हनला?"

"तुझ्याबद्दलच."

"आमच्याकडं नाही, असा म्हनला? नागपूरवाला?"

"हो."

सोमानं कोयता खाली ठेवला. धोतराला हात पुसले. माझ्यावर रागावायचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो उठून परसाच्या दाराशी गेला आणि एखाद्या पोरासारख्या आवाजात त्यानं बायकोला हाक मारली, "अवो, शेंगा राहू दे. इकडं ये. हा का म्हनून राहिला थे आयक."

ती पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. सोमा माझ्या शेजारी खाटेवर बसला, ताठ बसला. "सांग गा," तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा सांगितलं.